सूर्यचुलीच्या काचेला सुटलेला घाम

दुपारचे दोन वाजले होते आणि बारा चुलींपैकी एकीतही डाळ शिजली नव्हती.

रॉकेलसाठी रांगा लागायच्या, ते दिवस. चिखलीच्या आमच्या केंद्रात सूर्यचुली बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा पहिला कोर्स चालू होता. मी पत्राकामाचा instructor. सूर्यचूल म्हणजे आतून काळी रंगवलेली पत्र्याची पेटी. वर काच, झाकणाला आरसा. काच ऊन आत घेते, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पेटीच्या दुहेरी भिंतींमध्ये लाकडाचा भुसा भरायचा. तो गोधडीचं काम करतो.

चार दिवसांनी नागपूरहून परीक्षक येणार होते. प्रत्येकाच्या चुलीत वरण-भात शिजला तरच प्रमाणपत्र मिळणार होतं.

केंद्रप्रमुख देशमुख साहेब अंगणात आले. "काय हो, ऊन कमी पडलं का?"

"फाल्गुनाचं ऊन आहे साहेब. आरशांचा angle तपासतो."

मी बाराही आरसे पुन्हा लावले. तासाभराने डाळ चावून पाहिली. कच्चीच होती.

"सर, जरा इकडे या," गुंफाबाईंनी हाक मारली.

बारा शिकाऊंमध्ये त्या एकट्याच बाई. अमडापूरला त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. रॉकेल मिळेना तसे स्टोव्ह माळ्यावर गेले, दुकान बसलं. नवा धंदा हवा म्हणून त्या रोज एसटीने यायच्या. अर्ज केला तेव्हा देशमुख साहेबांनी विचारलं होतं, "बाईमाणसाला पत्र्याचं काम झेपेल?" त्यांनी उत्तर म्हणून हातावरचे भाजल्याचे डाग दाखवले होते.

"काचेले घाम आला हाये," त्या म्हणाल्या.

"डब्यांतली वाफ आहे ती."

"मंग त्या रिकाम्या पेटीची काच काऊन भिजली? तिच्यात त डबेच नाही ठेवले."

खरंच, नमुन्याच्या तेराव्या पेटीत आम्ही नुसतं thermometer ठेवलं होतं. तिचीही काच आतून धुरकट झाली होती.

गुंफाबाईंनी पेटीचे screw काढले, भुशाची मूठ भरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. भुसा थंड आणि दमट होता. आरा मशीनवर ओलं लाकूड कापलं होतं, त्याचाच हा भुसा. उन्हाची निम्मी ताकद त्याला वाळवण्यातच जात होती. तो भुसा store मध्ये घेतल्याची सही माझी होती.

"चुलीत ओलं लाकूड घातलं त भाकर होते का, सर?"

"वाळवायला वेळ नाही, बाई."

"कापसाच्या जिनातली टाकाऊ रुई भरू. कोरडी राह्यते. मी उद्या सकाळी आणतो."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "drawing मध्ये भुसा लिहिलाय. परीक्षकाने विचारलं तर?"

"मी उत्तर देईन."

दुसऱ्या दिवशी आधी दोनच पेट्या भरल्या. एकीत डाळ ठेवली, दुसरी ती नमुन्याची, रिकामी. रुई तापून करपते का ते पाहायचं होतं. दोनच्या सुमाराला डाळ मऊ झाली. मग बाकीच्या अकरा उघडल्या.

परीक्षक आले. पहिलीच पेटी उघडायला लावली, भुशाऐवजी रुई दिसली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. "हा बदल कुणाचा?"

"परवानगी माझी. कारण काय ते या बाई सांगतील."

गुंफाबाई पुढे आल्या. ओला भुसा, घामेजलेली काच, रिकामी पेटी, सगळं क्रमाने सांगितलं.

"आणि कापूस पेटला तर?"

"ती नमुन्याची पेटी तीन दिसांपासून रिकामीच तापून राह्यली, साहेब. उघडून पाहा. रुई पिवळी बी नाही पडली."

त्यांनी स्वतः पेटी उघडली, रुई चोळली, हुंगली. मग बाराही डब्यांतली डाळ बोटांत चिरडून पाहिली. शेवटच्या डब्यातलं वरण त्यांनी भातावर घेतलं आणि मीठ मागितलं.

बाराही जण पास झाले. drawing मध्ये 'भुसा किंवा कोरडी रुई' अशी दुरुस्ती आली. दुसरी बॅच मंजूर झाली. त्या बॅचला माल तपासायला शिकवायचं काम देशमुख साहेबांनी गुंफाबाईंना दिलं, तेही कुणी न सुचवता.

मी पत्राकाम शिकवत राहिलो. एवढंच शिकलो, की मालाच्या कागदावर सही करण्याआधी पोत्यात हात घालावा, तोही तळापर्यंत.