धुतलेलं बियाणं

मक्याची कणसं उकडून विकत मी उभी राहिले. मुरुमच्या स्टँडसमोर माझा गाडा आहे. आधी दुसऱ्याच्या शेतातली कणसं घ्यायची, एकेक सोलून बघत भाव पाडायचा, असं चाललं. मग त्या गाड्याच्या जिवावर गावाशेजारी तुकडा घेतला, बोअर पाडली आणि स्वीट कॉर्न स्वतःच लावायला लागले.

हे सगळं करावं लागलं, कारण सासरच्या वाटणीत माकणीकडची धरणाच्या पाण्याची जमीन धाकट्या दिराला गेली आणि आमच्या वाट्याला कुसळी गवताचा माळ आला. वाटणी सासूच्या शब्दावर झाली होती. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या सहा महिने दिराकडं असतात, सहा महिने आमच्याकडं. मी वेळेवर जेवायला वाढते. बोलत फारशी नाही.

त्या वर्षी त्या थंडीच्या तोंडावर आल्या. मी पेरणी मुद्दाम लवकर धरली होती. ऊन तापायच्या आत घरचा मका गाड्यावर आला तर उन्हाळाभर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको. टोकणीच्या दिवशी नेमका बाजार होता. मी गाड्यावर गेले आणि मजुरीच्या बायकांवर लक्ष ठेवायला ह्यांना ठेवलं. आमचे मालक गरीब स्वभावाचे. बायका ओळ चुकल्या तर वाईट ह्यांनाच वाटतं.

आठवडा उलटून गेला तरी ओळी काळ्याच. खुरप्यानं उकरून पाहिलं. दाणा फुगून मऊ पडलेला, बोटात धरला की पिचायचा, वर पांढुरकी बुरशी आणि आंबूस वास. कुठंकुठं कोंब वर आला होता, पण मातीपाशी मान तपकिरी होऊन तो आडवा पडलेला.

ते सडके दाणे मातीसकट ताटलीत घेऊन मी मुरुमला बियाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा. बायकोशी कन्नडात बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत. भर गर्दीत ताटली त्याच्या काट्यावर ठेवली.

"काय अक्का, परसाद आणला का?"

"तुमचाच हाय. खाऊन बघा. मागल्या सालचं बी घातलं ना माझ्या गळ्यात?"

"भाव पाडून पाडून तुमी मला मागल्या सालच्या भावावर आणलं, ते खरं. बी ह्याच सालचं हाय."

लोक हसले. मला आणखी चेव चढला. कृषी कार्यालयात तक्रार करते, दुकानाला कुलूप लावते, सगळं बोलून झालं. त्यानं ऐकून घेतलं.

"पाकिटात काय उरलंय का?"

"मूठभर असंल."

"ते ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवा. उगवलं न्हाई तर ह्याच लोकांसमोर कान धरतो. उगवलं तर तुमच्या रानात काय झालं ते हुडका."

घरी येऊन मी ओल्या गोणपाटावर ते औषधाची लाल पूड चोळलेले दाणे मांडत होते. आत्याबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या.

"हे बिनधुतलंच ठेवतीस व्हय?"

"म्हणजे?"

"ते दुसरं म्या सगळं धुतलं की. लाल पाणी जाईस्तवर. सुपात वाळवून ह्येच्याजवळ दिलं."

पुढं मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मक्यावरून सुरू झालं ते वाटणीपर्यंत गेलं. आत्याबाई लसूण सोलत राहिल्या. मी दमले तेव्हा त्यांनी माझ्या मालकांकडं बोट केलं.

"ह्यो रांगत हुता. मोठ्या दुष्काळात सरकारी पेरायची ज्वारी आली, अशीच लाल. पावसाचा पत्ता न्हाय, पेरायची कुठं? म्या धुतली, दळली, भाकरी केल्या. घरभर उलट्या. ह्येनं तर डोळं फिरवलं. समदी म्हणली, बाई, धुवायला कमी केलंस."

मग लसणाची साल झटकत म्हणाल्या, "त्या टोकणीच्या बाया दुपारी त्याच हातानं भाकर खात्यात. एकीचं लेकरू अंगावर पितंय."

मालक आईकडं बघत राहिले. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. माझा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना.

गोणपाटातलं बी चांगलं उगवलं. मी पुन्हा दुकानात गेले आणि झालं ते सांगितलं. म्हातारा म्हणाला, "अक्का, साध्या मक्याचा दाणा भरलेला. हा साखरेचा, मनुक्यागत सुरकुतलेला. पोटात शिदोरी कमी. थंड मातीत वर यायला येळ लागतो, तेवढ्यात बुरशी गाठती. ती लाल पूड म्हणजे त्याची राखण. वरून पाणी बी तुंबवलं असंल?"

"दिलं भरपूर. उगवना म्हणून."

"धुतलेलं बी, थंडी आणि चिखल. एकटा दाणा किती जणांशी भांडणार? तो काय अक्का न्हाई."

"मग पाकिटावर धुऊ नका म्हणून का लिहीत नाही?"

"लिहिलंय की."

"सासूला वाचता येत न्हाय. चित्र काढायचं."

त्यानं नव्या पाकिटाचा भाव उतरवला. रबरी हातमोजे मी वरून घेतले.

संक्रांत झाली, थंडी मोडली, मग दुसऱ्यांदा पेरलं. आधी रान भिजवलं, चिखल सुकून वाफसा येऊ दिला, आणि वरंब्याच्या कुशीला बोटाच्या पेराएवढं खोल टोकलं. वरून पाणी नाही. त्या दिवशी गाडा बंद ठेवला. आत्याबाईंना मीच म्हणाले, बी धुवायचं नाही, हात धुवायचे, आणि ते काम तुमचं.

त्या बादली आणि साबण घेऊन बांधावर बसल्या. हातमोजे असूनही जेवणाआधी एकेकीला धरलं.

"पुन्ना चोळ. नखात हाय अजून."

"म्हातारे, कातडं निघंल की."

"निघू दे. दुसरं येतंय."

सगळ्यात शेवटी मी हात पुढं केले. त्या तांब्यानं पाणी घालत होत्या. मी विचारलं, "माकणीची जमीन भाऊजींना का दिली?"

त्यांनी पाण्याची धार थांबवली नाही. "तू माळातूनबी काढशील हे दिसत हुतं. त्येचं काय दिसत न्हवतं."

"आत्याबाई, हे कौतुक मला नको होतं. पाणी पाहिजे होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, आजही नाही. पण इतकी वर्षं मी ते विचारलंच नव्हतं.

मका उगवला. मधेमधे फटी राहिल्या, तरी ओळ ओळीसारखी दिसायला लागली. माझा विश्वास बसेना, म्हणून एक रोप मुळासकट उपटून पाहिलं. मान पांढरी होती, घट्ट.

"कसं हाय?" आत्याबाईंनी बांधावरून विचारलं.

"बरं हाय."

"बरं हुतं तर उपटलंस कशाला?"

मी ते पुन्हा रोवलं, त्यांनी तांब्याभर पाणी घातलं. ते काही जगलं नाही. बाकीचा मका जगला.