न पाहिलेल्या वावराची साक्ष

कोर्टाचा बेलीफ दारात आला तेव्हा मी लसूण सोलत होते. साक्षीचं समन्स आहे, सही करा, म्हणाला. शाळेत शिकवत असताना उभ्या गावाच्या कागदांवर मी सह्या केल्या, पण ही करायच्या आधी लसणाचे हात दोनदा पुसले. कशाची साक्ष, हे मला विचारावं लागलं नाही.

प्रकरण शेजारणीचं होतं. चौथीत ती माझ्याच हाताखाली शिकली. तिनं एका रोपवाटिकेतून लांब मिरचीची रोपं आणून लावली. फळ धरलं तेव्हा निम्म्या झाडांना लांब मिरची आणि निम्म्यांना बुटकी, जाडी. असला मिसळलेला माल वरवट बकालच्या बाजारात कोणी हातात धरेना. तिनं नुकसानभरपाईचा दावा लावला. त्या दाव्याचा सगळा आधार म्हणजे पंचनाम्याचा एक कागद आणि त्यावर तीन पंचांच्या सह्या. एक पंच वारला. दुसरा मुलाकडे परगावी गेला, तो समन्सच घेईना. तिसरी मी.

आणि मी वावरात गेलेच नव्हते. त्या दिवशी ती मला बोलवायला आली होती. ऊन फार होतं, माझा आळस त्याहून मोठा. तुम्ही सगळे पाहून या, कागद तू इथंच आण, सही करते, असं मीच सांगितलं. आमच्याकडे पंच असाच असतो. शिकलेल्या माणसाची सही लागते, माणूस कोणाला लागत नाही. 'आम्ही पंचांनी समक्ष शेतात जाऊन पाहणी केली' असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि सही ठोकली. न वाचता केली असती तर निदान अंग झटकता आलं असतं.

तारखेच्या आदल्या दिवशी ती आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, 'मी वावरात गेल्ती' एवढंच सांगा," ती म्हणाली. "मिरची तं खरीच तशी होती. मंग खोटं काय हाय त्याच्यात?"

मिरची खरंच तशी होती. तिनं त्यातलीच ओंजळभर मला भाजीला आणून दिली होती. मी खोटं बोलले तरच तिचं खरं टिकणार होतं. खोटं बोलाल तर याद राखा, असं ज्या पोरांना मी दटावलं त्यात तीही होती. मला स्वतःची चीड आली.

कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झाला. शपथ घेतली. रोपवाटिकेचा वकील गोड बोलणारा निघाला. वावर कोणत्या बाजूला, विहीर कुठं, असं विचारत गेला. गावातच जन्म गेल्यामुळे मी धडाधड सांगितलं. तो कागद चाळत थांबला. सुटले बुवा, असं मला वाटलं.

"पंचनाम्याच्या दिवशी तुम्ही स्वतः शेतात गेला होता का?"

ती मागच्या बाकावर बसली होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर मी हो म्हणाले असते, म्हणून पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

न्यायाधीश मॅडमनी मान वर केली. मग सही का केली, असं विचारलं. तिच्यावर विश्वास होता आणि जायचा कंटाळा आला, असं मी सांगितलं. मिरची मी घरी पाहिली आहे, हेही घाईघाईनं सांगितलं. ती त्याच वावरातली होती हे तुम्हाला कसं कळलं, असं वकिलानं विचारलं. तिनंच सांगितलं, एवढंच मला म्हणता आलं.

बाहेर तिचा वकील तिला समजावत होता, की आता हा पंचनामा धरून चालता येणार नाही. तो गेल्यावर मी जवळ गेले. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खोटं बोलवेना गं, असं काहीतरी पुटपुटले.

"खोटं बोला म्हनलं, ते माह्यंच चुकलं," ती म्हणाली. "पन बाई, वावर गावाले लागूनच हाय. दहा मिनिटं बी लागत नाई. तवा तुमी आल्या काऊन नाई?"

गावाकडची बस लागली. ती चढली. मी पुढच्या बससाठी थांबले.