शेवटच्या रांगेमागून

माहेरी तिला तडतडी म्हणत. लग्नानंतर तरी हे नाव मागे राहील असं तिला वाटलं होतं, पण धाकट्या भावाने लग्नाच्या जेवणातच ते नवऱ्या मुलाच्या कानावर घातलं आणि तिच्याबरोबर नावही सासरी आलं. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यापाशी आठ तास उभं राहायचं आणि समोरून सरकणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांत एखादं घर रिकामं राहिलंय का ते पाहायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती रिकाम्या जागा शोधत होती. त्यामुळे योगकेंद्राच्या सरांनी दिलेल्या दाखल्यात काय राहिलंय ते तिला एका नजरेत दिसलं.

‘सदर महिला आठ वर्षांपासून माझ्या केंद्रात नियमित विद्यार्थिनी आहेत. वागणूक चांगली.’ खाली सही, शिक्का.

“सर, वर्ग घेतल्याचं राहिलं.”

सर लाकडी ओट्यावर मांडी घालून मोबाईल पाहत होते. “कुठले वर्ग?”

“सकाळी सहाचे. सहा वर्षं मीच घेतेय की.”

“ताई, वर्ग माझा आहे. तुम्ही मदत करता.”

“मग मदत करते असं लिहा.”

सरांनी मोबाईल पालथा ठेवला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला. “तुमच्या आवाजात राग आहे. योगशिक्षक व्हायचंय ना? आधी हा राग सोडा. मग बघू.”

तिने दाखल्याची घडी केली आणि ती जिना उतरली. एकेका पायरीला एकेक उत्तर सुचत होतं. सगळी उत्तरं एकदम सुचली असती तर बरं झालं असतं.

आठ वर्षांपूर्वी फर्निचरच्या दुकानावरच्या या हॉलमध्ये ती कंबर धरून आली होती. दोन वर्षांत कंबर सुधारली. मग एका सकाळी बावीस माणसं जिन्यात ताटकळत असताना सरांचा फोन आला, “आजच्या दिवस तुम्ही घ्या, डोळाच उघडला नाही.” तो आजचा दिवस आधी आठवड्यातून एकदा यायला लागला, मग दोनदा, मग सोमवार ते शुक्रवार. हॉलची किल्ली तिच्या पर्समध्ये राहायला आली. सर शनिवारी यायचे, गोड बोलायचे, जायचे.

फक्त एक गोष्ट सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवली होती. “ओट्यावर गुरूच बसतो, ताई. तुम्ही खाली उभ्या राहा.” खाली पुढे उभी राहिली की मागच्या रांगांना ती दिसायची नाही. म्हणून ती शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी जाऊन उभी राहायला लागली. तिथून करून दाखवण्यात अर्थ नव्हता, सगळं तोंडाने सांगायचं. पण तिथून बावीस पाठी दिसायच्या. कुणाचा खांदा वर गेलाय, कुणी श्वास कोंडलाय, कुणाच्या गुडघ्यावर भलतंच वजन आलंय. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणायचे, “सर असले की आम्ही त्यांना बघतो. ही असली की ही आम्हाला बघते. त्यामुळे फसवता येत नाही.”

शहराच्या दुसऱ्या टोकाला योगशिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वर्षभर, दर शनिवार-रविवार. जागा चाळीस. प्रवेशपरीक्षेत अनोळखी माणसांना पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. पट्ट्यापाशी उभं राहण्याची अजून अकरा वर्षं बाकी होती आणि तिला ती तिथे घालवायची नव्हती. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं.

तीन महिने तिने तयारी केली. फ्रिज आणि सासूबाईंचा पलंग यांच्यामध्ये एक चटई मावायची. पाय लांब केला की टाच फ्रिजला लागायची. हाडांची आणि स्नायूंची नावं तिने औषधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहून फ्रिजवर चिकटवली होती आणि लेक कॉलेजला जाता जाता एखादं झाकून विचारायची.

“आज कुठला प्राणी?” सासूबाई पलंगावरून विचारायच्या.

“भुजंग.”

“शोभतोय. तोंडही तसंच झालंय.”

दाखला घेऊन ती घरी आली त्या संध्याकाळी मात्र सासूबाईंनी चेष्टा केली नाही. तिने डबे असे आपटले की एकाचं झाकण पलंगाखाली गेलं.

“अगं, त्या डब्याने तुझं काय घोडं मारलंय? ज्याने मारलंय त्याच्या डोक्यात घाल.”

नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होता. त्याने चष्मा लावून दाखला वाचला, मग फॉर्म वाचला. फॉर्मात एक रकाना होता, ‘शिकवण्याचा अनुभव.’

“इथे नाही लिही,” तो म्हणाला.

“नाही? अहो, सहा वर्षं मी काय झाडू मारत होते का तिथे?”

“मला माहीत आहे गं. पण दाखला एक सांगतो आणि फॉर्म दुसरं, असं झालं की फॉर्म बाद. माझी अख्खी नोकरी असले फॉर्म बाद करण्यात गेली.”

काकांनी बावीस जणांच्या सह्या गोळा करायची तयारी दाखवली. तिने संस्थेला फोन केला. उत्तर आलं की केंद्रप्रमुखाचीच सही चालते. शेवटी तिने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. दोन अक्षरं लिहायला तिला जितका वेळ लागला तितका उरलेल्या फॉर्मला लागला नव्हता.

परीक्षेचा हॉल मोठा होता आणि पुढे तीन फूट उंच ओटा होता. उमेदवारांनीच विद्यार्थी व्हायचं आणि एकेकाने पुढे येऊन शिकवायचं. परीक्षक बाई सत्तरीच्या होत्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. तिच्या आधी केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण ओट्यावर चढला आणि पंधरा मिनिटं मधात बुडवल्यासारखा बोलला. मग तिचा नंबर पुकारला.

ती उठली आणि चालायला लागली. सरळ शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी जाऊन उभी राहिली. सगळ्या माना वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“ताई, ओटा इकडे आहे,” बुचडेवाला म्हणाला.

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पाय आपोआप आले होते इथे. म्हणजे त्या माणसाने तिला इथेही मागे उभं केलं होतं. पुढे जायचं तर सगळ्यांच्या देखत तीस पावलं चालावी लागणार होती. ती चालली नाही.

“माझ्याकडे काय बघताय? मी बघायची गोष्ट नाही. माना पुढे करा. पालथे झोपा.”

आवाज असा होता की हसणारेही झोपले. तिने भुजंगासन सुरू केलं.

“निळा शर्ट, कोपरं सैल. खांदे कानांशी गप्पा मारायला गेलेत, त्यांना खाली बोलवा.” निळा शर्ट म्हणजे बुचडेवालाच. “तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुमची पाठ हलत नाहीये. श्वास कुठे ठेवलाय?” ती पुढे जाऊन वाकली आणि त्या बाईंच्या दोन खांद्यांच्या मध्ये एक बोट ठेवलं. “इथून सोडा. हां. आणि तुम्ही कडेच्या, तुमची एक बाजू उचलली जात नाहीये. ऑपरेशन झालंय का? मग अर्धंच उठा. कुणाशी पैज लावायची नाही.”

पंधरा मिनिटं झाल्यावर परीक्षक बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं. “मागे का गेलात?”

“चूक झाली. सवयीने गेले.”

“कसली सवय?” बाईंनी फॉर्म पुढे ओढला. “इथे अनुभव नाही असं लिहिलंय. पहिल्यांदा शिकवणारा माणूस ओट्यावर जाऊन स्वतःला दाखवतो. मागे उभं राहून पाठी वाचणं एका दिवसात येत नाही. हे कुठे केलंत?”

मग तिने सांगितलं. डोळा न उघडलेली सकाळ, किल्ली, ओटा, दाखला. सांगता सांगता आवाज चढत गेला.

“राग आलेला दिसतोय,” बाई म्हणाल्या.

“आलाय. आणि बाई, कृपा करून सोडा म्हणू नका. ते ऐकून कान किटलेत माझे.”

“मी कशाला म्हणू? राग तुमचा आहे. पण दाखल्यात खोटं त्यांनी लिहिलंय आणि फॉर्मात खोटं तुम्ही.”

हे मात्र वर्मी लागलं. तीन दिवस डबे आपटले, पण ‘नाही’ लिहिणारा हात तिचाच होता. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. तिने येऊ दिलं नव्हतं.

“खरं लिहिलं तर दाखल्याशी जुळणार नाही. बाद होईल.”

“जुळवायचं आम्ही बघू. मी त्यांना पत्राने विचारीन. तुम्ही खरं लिहा, नाहीतर मी हा फॉर्म घेत नाही.”

तिने पेन घेतलं आणि ‘नाही’वर अशी काट मारली की कागद फाटला. शेजारी लिहिलं, ‘सहा वर्षं. आठवड्यातून पाच दिवस. सकाळी सहा.’

तीन आठवड्यांनी यादी लागली. चाळिसांत ती एकतिसावी होती. सासूबाईंनी लेकीकडून यादी दोनदा वाचून घेतली आणि पलंगावरूनच जाहीर केलं की आता फ्रिज सरकवा. त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांना संस्थेचं पत्र मिळालं होतं आणि त्यांना फार वाईट वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ती हॉलवर गेली नाही. सरांच्या दारात जाऊन तिने बेल वाजवली, चार वेळा. सर डोळे चोळत आले.

तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “पंधरा मिनिटांत बावीस माणसं जिन्यात उभी राहतील.”

“ताई, आजच्या दिवस घ्या. मग बसून बोलू. इतका राग बरा नव्हे.”

“बरा आहे. रोज पावणेपाचला उठवतो मला. तुम्हीही ठेवून बघा थोडा.”

ती बसथांब्यावर पोचली तेव्हा फोन वाजला. काका होते, कुजबुजत. “सर आलेत. केस उभे आहेत. ओट्यावर चढलेत आणि आधी काय घ्यायचं ते आम्हालाच विचारताहेत. काय सांगू?”

राग अजून तसाच होता. पण डोळ्यांसमोर ओळीने बावीस पाठी आल्या, आणि त्यात दुसऱ्या रांगेतली काकांची, डावीकडे झुकलेली.

“काका, डाव्या गुडघ्याखाली टॉवेल घ्यायला विसरू नका,” ती म्हणाली, आणि सरांबद्दल एक अक्षर न बोलता तिने फोन ठेवला.