नळावरची किलबिल

बाबांना कानाचं मशीन बसवून मी दादरहून त्यांना डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत घेऊन आले. गॅलरीतल्या खुर्चीत बसतात न बसतात तोच ते दचकले.

"मशीन खराब निघालं गो. शिट्या मारतंय."

मी आवाज कमी करून पाहिला. शिट्या थांबेनात. आई हात पुसत बाहेर आली आणि समोरच्या तारेकडे बघून म्हणाली, "अहो, चिमण्या त्या. किलबिल चाललीय."

"इथली किलबिल चिमण्यांची असते?"

आईला वाटलं, थट्टा करतायत. "मग कुणाची? रोज सकाळी चहा देताना म्हणते ना, सुरू झाली किलबिल. तुम्हीच 'हो ना' म्हणता."

"मला वाटायचं, नळावरच्या बायकांना म्हणतेस."

मी हसले. पण बाबा हसत नव्हते.

"गावाला ऐकायचो," ते म्हणाले. "मिलमध्ये लागलो, त्यानंतर नाय. इथल्या चिमण्या नुसत्या चोची उघडताना दिसायच्या. वाटलं, एवढ्या गोंगाटापुढे त्यांनी आवाजच टाकला असेल."

बाबांची उमेदीची वर्षं मिलच्या साचेखात्यात, मागांच्या धडधडीत गेली. त्या आवाजानं आधी बारीक, उंच सूर जातात, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते; मी मान डोलावली होती. अलीकडेपर्यंत आमच्याशी बोलताना त्यांचं कधी अडलं नाही. चाळीत सगळेच मोठ्यानं बोलतात. आणि किलबिल हा शब्दही त्यांच्याच तोंडी असायचा. आम्ही पोरं शाळेतून आलो की म्हणायचे, "काय किलबिलाट लावलाय!"

आई उंबऱ्यावरच बसली. "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच ऐकत होते?"

बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

आमचं बोलणं ऐकून शेजारचे काका बाहेर आले. तेही त्याच साचेखात्यातले. मला राहवेना. मोठ्यानं विचारलं, "काका, तुम्हाला येतो ना ऐकू चिमण्यांचा आवाज?"

काकांनी तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता ओरडतायत होय?"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकींनी आईकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही काकांनाही दादरला नेलं. बाबा हट्टानं बरोबर आले. टॅक्सीत काकांच्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडून सांगत होते, "पहिल्यांदा घाबरायला होतं रे. पण काढू नकोस."