हद्दीचं कलम

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात फ्रँचायझीचा कायदा कोळून प्यालेला एकच वकील होऊन गेला, आणि तो म्हणजे आमचे सीनियर, याबद्दल उदगीरच्या बार रूममध्ये दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की बांधाची भांडणं आणि वाटणीचे दावे चालणाऱ्या आमच्या गावात या कायद्याचं करायचं काय. मुळात असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाहीच. करार, ट्रेडमार्क, लवाद अशा तीन-चार कायद्यांची ती मोट आहे. हे साहेब स्वतःच पहिल्या तासाला सांगत आणि वर म्हणत, "न्हाई म्हणूनच शिकायचा. असता तर तुम्ही पुस्तकात वाचला असता की!" उतारवयात ते पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. येताना एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि गळ्यात अडकवायचं नावाचं कार्ड घेऊन आले. प्रमाणपत्र भिंतीवर गेलं, पिशवी भाजीला गेली, आणि कार्ड मात्र पुढे कित्येक दिवस काळ्या कोटावर लोंबत राहिलं. एकदा न्यायाधीशांनी सहज विचारलं, हे काय आहे म्हणून, तर साहेबांनी भर कोर्टात त्यांनाही फ्रँचायझी समजावून सांगितली.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी त्यांनी आम्हा ज्युनियरांसाठी दर शनिवारी दुपारी घरीच वर्ग सुरू केला. पहिल्या शनिवारी तिघं आलो, त्यातला एक झोपला. साहेब नाउमेद झाले नाहीत. गावातले नळ कोरडे पडले होते, पण साहेबांच्या परसातल्या बोअरला अजून पाणी होतं. त्यांनी नियम काढला, की पूर्ण तास बसेल त्याला एक कॅन पाणी. पुढच्या शनिवारी चौदा वकील आले, आपापला कॅन घेऊन. वर्ग संपला की साहेब परसात तोटीवर हात ठेवून उभे राहत आणि एकेकाला विचारत, "रॉयल्टी कशावर ठरली, विक्रीवर का नफ्यावर? करार मोडला तर पाटी कुणी उतरवायची?" उत्तर चुकलं तर अर्धाच कॅन. माझी बायको शनिवारी सकाळी भाकरी थापता थापता माझा अभ्यास घ्यायची, आणि मी अडखळलो की तिच्या कपाळावर आठी यायची. कायद्याचं शिक्षण इतकं मनापासून मी कॉलेजात कधी घेतलं नाही.

साहेबांचं दुसरं वेड म्हणजे उदगीर जिल्हा. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते नुकतेच वकील झाले होते, आणि तेव्हाही लोक आधी हसलेच होते, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की ते कोटाला इस्त्री करून ठेवायचे, घोषणा झाली तर तयारी असावी म्हणून. घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळण्याआधी कलेक्टर ऑफिसची नियोजित जागा दाखवली जाई. तिथं बाभळी होत्या. "इथं गाड्या लावायच्या," म्हणून ते हातानं जागा दाखवायचे, आणि पाहुणा बिचारा उन्हात मान डोलवायचा.

त्यांची एकुलती लेक, आमच्या ताई, सासरहून कायमची परत आली, ती याच दुष्काळाच्या आधी. एक सुटकेस घेऊन आली आणि सहा महिने घराबाहेर पडली नाही. मग तिनंच एक दिवस सांगितलं, की बंगळुरूच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेऊन ती लहान मुलांची शाळा काढणार. भिंतीवर पिवळा हत्ती तिनं स्वतः रंगवला. ती शाळा म्हणजे तिचं पुन्हा उभं राहणं होतं. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, साहेबांना तर फारच. कंपनीचा करार त्यांनी आठ दिवस वाचला. ठरलेल्या हद्दीत कंपनीनं दुसरी शाळा काढायची नाही असं एक कलम होतं, आणि हद्द छापली होती 'लातूर जिल्हा'. साहेबांनी ते खोडलं. "उद्या आपला जिल्हा झाला की हेच म्हणतील, उदगीर आता लातुरात न्हाई, तुमचा हक्क संपला," ते मला म्हणाले, आणि त्या जागी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उदगीर जिल्हा'. कंपनीच्या माणसानं निमूटपणे सही केली. त्याच्या निमूटपणाचं आम्हाला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

वर्षभरात एस.टी. स्टँडजवळ त्याच कंपनीची दुसरी शाळा उघडली, तोच हत्ती, तीच पाटी. तिकडे रोज पाण्याचा टँकर यायचा. ताईंच्या शाळेतली मुलं एकेक करून तिकडे गेली. साहेबांनी तीन पानी नोटीस धाडली. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: उदगीर नावाचा जिल्हा अस्तित्वात नाही, सबब कराराचा भंग झालेला नाही.

लवादापुढे बंगळुरूला मीच त्यांच्यासोबत गेलो. हा जिल्हा नेमका कुठे आहे, असं लवादानं सौम्यपणे विचारलं. साहेब उठले आणि होणाऱ्या जिल्ह्याच्या चतुःसीमा सांगू लागले. अहमदपूर, चाकूर, जळकोट, देवणी, एकेक तालुका नावानं. पलीकडचा तरुण वकील खाली मान घालून हसला. तो वाईट मुलगा नव्हता, पण हसला. मला त्या क्षणी साहेबांचा हात धरून त्यांना खाली बसवावंसं वाटलं, आणि ते मी केलं नाही. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत बीदर येईपर्यंत साहेब तोच करार पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग म्हणाले, "वकील, नुसता तालुका लिवला असता तरी भागत होतं की वो."

घरी आल्यावर त्यांनी ताईंना समोर बसवून सांगितलं, "माय, चूक कंपनीची न्हाई. माझी हाय." शाळा बंद झाली. छोट्या खुर्च्या बरेच दिवस गच्चीवर रचून ठेवलेल्या होत्या. त्यानंतर वर्गात साहेब दुसरा कुठलाच करार शिकवीनात. दर शनिवारी तोच काढायचे, तेच कलम वाचायचे, आणि चूक कुणी केली तेही नाव घेऊन सांगायचे. "गाव लिवा, तालुका लिवा, गल्ली लिवा. मनातलं लिवू नका." पुढे पाऊस झाला, नळांना पाणी आलं, कॅनची गरज उरली नाही. तरी आम्ही नऊ-दहा जण जात राहिलो. पाच-सहा वर्षं हे चाललं, मग साहेब गेले. जिल्हा अजून झालेला नाही.

गेल्या महिन्यात ताई ऑफिसात आल्या. लातूरच्या एका शाळेत त्या शिकवतात; तिथं आधीच्या अनुभवाचा कागद मागितला होता. मी फाईल काढून दिली. त्यांनी करार उघडला आणि त्या ओळीवर थांबल्या.

"सहीच्या दिवशीच वाचलं होतं मी हे," त्या म्हणाल्या. "जिल्हा झाला न्हाई, हे काय मला ठाऊक नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"अप्पा पेढे वाटायले होते. मी माघारी आल्यापासून चार लोकांत मान वर करून बोलताना त्यांना पयल्यांदाच बघितलं. कसं म्हणू, की चुकलंय?"

"नंतर तरी? त्यांना सांगितलंत का कधी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. साहेबांचा वर्ग बाहेरच्या खोलीत भरायचा, आणि मधली भिंत पातळ होती. इतकी वर्षं दर शनिवारी ते ती चूक एकट्याच्या नावावर सांगत राहिले, आणि ताई पलीकडे बसून ऐकत राहिल्या.