पिवळ्या दिव्यावरची प्रणाली

नागपूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि प्रणाली फलाटावरून धावतच येत होती.

"काकू, तुमी खरंच आल्या! मले वाटलं, याही बारीले काही कारण सांगान."

तिला तसं वाटणं साहजिक होतं. सांगलीत डिप्लोमा करताना ही मुलगी दोन वर्षं आमच्या माडीवर भाड्याने राहिली. तिच्या मोटरसायकलचं तेल माझ्या अंगणात सांडायचं आणि मी तिला रोज झापायचे. तरी पुढे ती प्रत्येक शर्यतीचं आमंत्रण पाठवत राहिली आणि मी आठ वर्षं टाळत राहिले. यंदा तिच्या आईचा फोन आला, "ताई, या वेळी याच," तेव्हा मात्र निमूट तिकीट काढलं.

स्टेशनवरून थेट सदर भागात, तिच्या मामांच्या गॅरेजात गेलो. तिथे पोहे आले, वर तर्री (चण्याच्या रश्श्यावरचा तिखट लाल तवंग). मी सांगलीची असल्याच्या तोऱ्यात आणखी तर्री मागून घेतली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. मामा हसून हसून बेजार. ते तिचे मेकॅनिकही आणि गुरूही.

"पहिल्या शर्यतीत हिले कपडे बदलाले जागा नोती," ते सांगू लागले. "माह्या व्हॅनमंदी बदलले. आता बायांच्या गटात हिच्यापुढं कोणी टिकत नाही."

पण आजची शर्यत खुल्या गटाची होती, पुरुषांबरोबर. तिचं ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन मोटरसायकली, सरळ रस्ता, जेमतेम पाव मैल. समोरच्या खांबावर पिवळे दिवे एकेक करून लागतात, मग हिरवा. हिरव्याची वाट पाहत बसलं तर उशीर होतो, म्हणून हे लोक शेवटच्या पिवळ्यावरच सुटायला लागतात. पापणी लवायच्या आत चूक झाली की लाल दिवा, आणि खेळ खलास. याआधी खुल्या गटाच्या दोन अंतिम फेऱ्यांत प्रणालीला लालच लागला होता. पुढच्या वर्षासाठी एक मोठा संघ तिला घ्यायला तयार होता, पण त्यांच्या व्यवस्थापकांनी स्पष्ट बजावलं होतं, आज जिंकायला हवं, आणि तिसऱ्यांदा लाल लागला तर विषय संपला.

शर्यत रामटेकच्या बाजूला, एका मोकळ्या पडलेल्या धावपट्टीवर होती. वाटेत धान कापलेली शेतं आणि दूरवर टेकडीवरचं मंदिर दिसत होतं. गाडीत मी सांगलीच्या हळदीचे भाव सांगत सुटले. कोणी ऐकत नव्हतं.

प्रणालीची आई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स आहेत. ड्यूटी संपवून त्या परस्पर आल्या आणि धावपट्टीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"असं काहून (का) उभ्या?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"मले पाहवत नाही ताई. आठ वर्षं झाले, अशीच उभी राहातो. तुमी पाहा अन् मले सांगा."

दुपारपर्यंत प्रणाली तीन फेऱ्या जिंकली. अंतिम फेरीत समोर पुण्याचा एक उंच तरुण आला. त्याची गाडी हिच्याहून दणकट होती. मामा हेल्मेटपाशी वाकले.

"पोरी, आज जपून सूट. लाल नको."

"जपून सुटली त तो निघून जाते, मामा. मी पिवळ्यावरच सुटतो."

मामा बाजूला झाले. मागची चाकं पाण्यात गरगर फिरवून दोघांनी गरम केली. धूर, रबराचा वास. दिवे लागले. ती सुटली!

लाल लागला नाही, एवढं मी पाहिलं. पण मागून बघताना पुढे कोण, ते काही केल्या कळेना. फलकावर आकडे आले. त्याचे अकरा पूर्णांक एक दशांश सेकंद, तिचे अकरा पूर्णांक तीन दशांश.

"ताई, हरली हो," मी म्हटलं.

आईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मामा टोपी उडवत आले. "जिंकली! आपली पोरगी जिंकली!"

"अहो, पण आकडे..."

"ज्याची गाडी जवा हालते, तवा त्याचं घड्याळ सुरू होते! तो हिरवा पाहून सुटला, उशिरा. हे आधीच निघाली होती. पोचली पयले कोण? हे!"

आई गर्रकन वळल्या आणि धावपट्टीवर धावत सुटल्या. नर्सची पांढरी चप्पल एकीकडे, त्या एकीकडे. प्रणालीला हेल्मेटसकट मिठी मारून म्हणाल्या, "काहून वं, एवढी घाई करतं?" आणि रडायला लागल्या. मीही रडले, लपवायचं कशाला? तिथेच संघाच्या व्यवस्थापकांनी येऊन तिचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षी तू आमची, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

सांगलीला परतले तेव्हा शेजारच्या वहिनी दारातच होत्या.

"किती वेळ चालली हो शर्यत?"

"अकरा सेकंद."

"अगंबाई! एवढ्यासाठी इतका प्रवास?"

त्या अकरा सेकंदांत एका मुलीची आठ वर्षं होती, आणि ती मी टाळलेली आठ वर्षंही होती. पण हे वहिनींना दारात उभ्या उभ्या कसं सांगणार?

"हो," मी म्हटलं, "आणि पुन्हा बोलावलं तर हातातली ही पिशवी उघडणारसुद्धा नाही. अशीच उचलून निघेन."