कोंडाजी पैलवानाची पाठ

बोरघळच्या बंदरात कोंडाजी पैलवान माणसं उतरवायचा. कशी, ते सांगताना तिथले लोक आजही दोन्ही हात पुढे करून दाखवतात, जणू हातांवर एखादं तान्हं मूल निजलंय. आणि मग हसतात.

बोरघळ श्रीवर्धनच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. बंदर म्हणायचं एवढंच, धक्का नव्हता. मुंबईची आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडाव, म्हणजे लहान होडी, माणसांना घेऊन किनाऱ्याकडे यायचा, आणि ओहोटी असली की पडावही अर्ध्यातच चिखलात बसायचा. ओहोटीचा तो किनारा कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखा दिसे. तेवढा चिखल तुडवून उतारूंना कोरड्या पायांनी वाळूवर पोचवायचं, हे बंदरावरच्या हमालांचं काम.

बाकीचे हमाल माणसाला पाठुंगळीला घेत. कोंडाजी तसं घेत नसे. तो माणसाला दोन्ही हातांवर आडवा उचलायचा, छातीशी धरायचा आणि चालू लागायचा. कचेरीतला कारकून असो नाहीतर सुपारीचा व्यापारी, कोंडाजीच्या हातांवर सगळे सारखेच बाळ होत. मोठमोठी माणसं टोपी छातीशी धरून आभाळाकडे बघत किनाऱ्याला लागत. बायका तर त्याला लांबूनच नमस्कार करत आणि पाठीवर नेणाऱ्या धर्मा कोळ्याला हाक मारत.

"पैलवान," धर्मा म्हणायचा, "पाळण्यातली गाणी पन म्हनत जा. चार पैसं जास्ती भेटतील."

कोंडाजी पुढच्या उतारूकडे वळायचा. त्याला पाठीचं सांगायचं नव्हतं.

पाठीची गोष्ट माणगावच्या फडातली, एकोणपन्नास सालची. तेव्हा कोंडाजी कुलाबा जिल्ह्यात नावाजलेला पैलवान होता. समोर रतन, त्याच्यासारखाच शेतकऱ्याचा पोर, पण तोंडाचा फटकळ. कुस्ती रंगली, ऊन उतरलं, आणि एका क्षणी कोंडाजीनं वळताना पाठ दिली. रतन मागून घुसला, त्यानं कंबर धरली, दोघं उडाले आणि मातीत आले. कोंडाजीचा गुडघा त्याच वेळी गेला. पाठ टेकली की नाही यावर पंच भांडले. एक म्हणाला टेकली, दुसरा म्हणाला न्हाय, आणि तिसऱ्याच्या चष्म्यावर माती उडालेली, तो धोतराच्या सोग्यानं काचा पुसत होता. शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. रतन मात्र गावोगाव सांगत फिरला की टेकली. कोंडाजी सांगत राहिला की न्हाय. गुडघ्यामुळे त्याला पुन्हा हौद्यात उतरता आलं नाही, त्यामुळे ते वाक्य खोडायला किंवा पुरं करायला दुसरी कुस्ती झालीच नाही.

तेव्हापासून त्यानं पाठ राखली. तो पाठीवर निजत नसे, कुशीवर निजायचा. भिंतीला टेकत नसे. जत्रेत कुणी मागून मिठी मारली तर गर्रकन फिरायचा.

"अवो, टेका की जरा," त्याची बायको आवडाबाई म्हणायची. "भिंतीनं जिकलं तर मी कुनाला सांगायची न्हाय."

आवडाबाई बंदरावर शहाळी विकायची. घर तिच्यावर चाललं होतं असं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. ती ते शहाळ्यावर कोयता घालताना दाखवायची.

कुस्ती सुटल्यावर कोंडाजीनं काय काय केलं याची यादी गाव आवडीनं सांगतं. आधी म्हैस घेतली. दुधाची गिऱ्हाइकं दोनच झाली, एक रेडकू आणि एक कोंडाजी. मग एका वाडीत सुपारीची राखण धरली. पहाटे जोर-बैठका काढून झाल्यावर अंगातली रग जाईना म्हणून तो सुपारीच्या झाडांना मिठी घालून हलवायचा. वाडीवाला म्हणाला, पैलवान, चोर परवडला, तो निदान पिकल्यावर येतो. मग हाडं बसवायचं मनावर घेतलं. पहिल्याच माणसाचा हात बसला, पण तो दुसरा हात जोडून पळाला, आणि पुढे कुणी आलं नाही. प्रत्येक धंद्यात कोंडाजी पहिल्या दिवशी असा उतरायचा जसा फडात उतरतो, मांडीवर थाप मारून. प्रत्येक धंदा त्याच्या हातून असा निसटायचा जसा तेल लावलेला गडी. सकाळचे जोर मात्र त्यानं सोडले नाहीत. कशासाठी काढतो असं विचारलं तर म्हणायचा, "फड भरला तर?"

हमालीचं काम त्याला खरंच जमलं. चिखलात पाय रोवून उभं राहणं, वजन छातीवर तोलणं, हे त्याचंच होतं. आगबोटीचे एजंट हरेश्वरभाऊ यांनी त्याला पितळेचा बिल्ला दिला होता. तो बिल्ला कोंडाजी चिंचेनं घासायचा. शेवटची कुस्ती झाल्यापासून कुणीतरी काहीतरी दिलेलं, असं ते एकच.

आणि मग तो नवरदेव आला.

मुंबईचा गिरणीतला पोरगा, लग्नाला निघालेला, हातात बाशिंगाचं पुडकं. कोंडाजीनं त्याला नेहमीप्रमाणे उचललं. वाळूवर सासरची सगळी मंडळी उभी. नवरा नवरीसारखा हातांवर येताना बघून सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला, मेहुण्या वाळूत बसल्या. लग्न लागलं, पण नवरदेव रुसला, आणि त्याच्या मामांनी हरेश्वरभाऊंना गाठलं.

हरेश्वरभाऊ भला माणूस. ते छत्री मिटून कोंडाजीसमोर उभे राहिले. "हे बघा पैलवान, चार लोक घेतात तसं पाठीवर घ्या. पुढच्या बोटीला मी स्वतः उभा राहीन. पाठीवर घेतलंत तर बरं. नाहीतर बिल्ला द्या."

कोंडाजीनं बिल्ल्यावर हात ठेवला. पण तो काढला नाही.

पुढच्या बोटीला कोण येणार होतं ते सगळ्या बोरघळला ठाऊक होतं. गावच्या पोरांनी नवी तालीम बांधली होती आणि ती उघडायला रतन पैलवानाला बोलावलं होतं. रतननं कुस्ती सोडून मुंबईत नशीब काढलं होतं. तो 'रतन शक्तिचूर्ण' विकायचा. डब्यावर त्याचं चित्र होतं, लंगोट लावलेलं, दंड फुगवलेलं. डब्यावरच्या रतनला पोट नव्हतं.

त्या सकाळी कोंडाजी ओट्यावर बसून राहिला. भिंतीपासून वीतभर पुढे, नेहमीसारखा.

"जायाचं न्हाय काय?" आवडाबाईनं विचारलं.

"गुडघा दुखतोय."

"मंग बिल्ला हिकडं द्या. मी आनते रतनभावजींना. माझ्या पाठीला कुनाची भीती न्हाय."

कोंडाजी उठला.

ओहोटी पुरी लागली होती. वाळूवर ताशा वाजत होता, तालमीची पोरं हार घेऊन उभी होती, हरेश्वरभाऊ छत्रीखाली. पडाव लांब चिखलात बसला. त्यात मधोमध फेटा बांधलेला, कोट घातलेला, चांगलाच सुटलेला रतन. त्यानं कोंडाजीला ओळखलं.

"कोंड्या! जिता हायस व्हय!"

"तुझ्या चूर्णाबिगर."

पडावातले लोक हसले. धर्मा पुढे झाला, पाठ वाकवून म्हणाला, "बसा पैलवान." रतननं हात हलवला. "नको. मी कोंड्याच्याच पाठीवर येनार. ती पाठ माझ्या वळखीची हाय."

धर्मा बाजूला सरला. कोंडाजीनं एकवार वाळूकडे पाहिलं, तिथं छत्री हलली नव्हती. मग तो वाकला, एक हात रतनच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीखाली, आणि त्याला उचलला.

रतनचा फेटा मागे कलला. समोर आभाळ आलं. वाळूवरचा ताशा वाजता वाजता थांबला.

"आरं, काय करतोस? खाली ठेव."

"खाली चिखल हाय."

कोंडाजी चालू लागला. रतन जड होता; इतकी वर्षं चूर्ण दुसऱ्यांना विकून स्वतः मटण खाल्लेलं वजन. अर्ध्या वाटेवर गुडघा थरथरला. कोंडाजी पाय रोवून थांबला. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. बाजूला दोन बगळे उभे होते, तेही थांबल्यासारखे.

"पाठीवर घे कोंड्या," रतन दबक्या आवाजात म्हणाला. "पोरं बघतायत. मला तितं भाषान करायचं हाय."

"करशील."

"आरं, असा उतरलो तर कोन आयकंल माझं?"

"मंग सांग," कोंडाजी म्हणाला. "माणगावात माझी पाठ टेकली व्हती?"

रतननं तोंड उघडलं. त्याच्या तोंडाशी येऊ घातलेलं 'न्हाय' कोंडाजीला दिसलं. ते एवढं सोपं होतं की कोंडाजीला त्याचा राग आला.

"खोटं बोललास तर हितंच सोडीन."

"मला ठाव न्हाय," रतन म्हणाला.

"म्हंजी?"

"ठाव न्हाय म्हंजी ठाव न्हाय. माजं तोंड तुज्या काखेत, डोळं मातीनं भरल्यालं. लोक वरडलं म्हनून मी जिकल्यागत उडी मारली. उडी मारली म्हनून पुढं सांगत ऱ्हायलो. पाठ तुजी, तुला ठाव असंल."

कोंडाजी उभा राहिला. त्याच्या हातांवर रतन, रतनच्या हातात फेटा. गार काहीतरी लागलं होतं खांद्याच्या फऱ्यांना, त्या दिवशी, एवढं त्याला आठवत होतं. माती असेल. घाम असेल. इतक्या वर्षांत त्यानं ते गार वाटणं पुन्हा पुन्हा आठवून इतकं झिजवलं होतं की आता ते पाठीला लागलं होतं की मनाला, हेही कळत नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं. कधीच नव्हतं.

"अकरा वर्सं मी कुशीवर निजतोय," तो म्हणाला.

"कशापायी?"

"तुज्यापायी!"

रतननं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं पोट हलू लागलं. आधी पोट, मग कोट, मग सगळा रतन. "हासू नको," कोंडाजी ओरडला, "पडशील!" आणि तोही हसला, आणि गुडघा पुन्हा थरथरला. मग त्यानं रतनला हातांतल्या हातात फिरवला, खाली वाकला, आणि एका झटक्यात पाठीवर घेतला. ते इतकं सफाईनं झालं की पोरांना वाटलं, हा ठरवून केलेला डाव. त्यांनी टाळ्या पिटल्या. ताशा सुरू झाला. हरेश्वरभाऊंनी छत्री मिटली.

तालमीपुढे रतननं जिद्दीवर भाषण केलं, मधेमधे चूर्णाचा डबा दाखवत. चिखलातल्या प्रकाराबद्दल तो म्हणाला की ही जुन्या पैलवानांची सलामी आहे, आता ती कुणाला येत नाही. माणगावची कुस्ती बरोबरीत सुटली होती, असंही तो म्हणाला. पहिल्यांदाच. कोंडाजी मागे उभा होता, शेजारी आवडाबाई.

"दोन मोठ्ठे ठोंबे," ती म्हणाली, "आनि येकाला पन ठाव न्हाय."

"तुला कोनी सांगितलं?"

"वाऱ्यानं. पडावात समद्यांना आयकू येत व्हतं."

बिल्ला राहिला. पुढे धक्का बांधला गेला आणि हमाली संपली, तेव्हा तालमीच्या पोरांनी त्याला बोलावलं. डाव शिकवायला दुसरे होते. कोंडाजी पडायचं कसं ते शिकवायचा, पाठीवर, हात पसरून, श्वास सोडून. त्या एका धंद्यातून मात्र त्याला कुणी काढलं नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी तो घरी आला, अंगाचा चिखल धुतला, आणि ओट्यावर आडवा झाला. उताणा. सारवलेली जमीन फऱ्यांना गार लागली. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. कुणी ओरडलं नाही. मग त्याला झोप लागली.

आणि तो घोरू लागला. अकरा वर्षं कुशीवर दबलेलं सगळं घोरणं एकदम बाहेर पडलं. कोंबड्या ओट्यावरून उडाल्या. शेजारून धर्मानं ओरडून विचारलं, "आगबोट परत आली काय?"

आवडाबाई धावत आली. तिनं खांद्याला हलवलं. "अवो! कुशीवर व्हा! अवो, पैलवान!" मग तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, पाय भिंतीला टेकवून लोटलं, पदर खोचून पुन्हा लोटलं. पण कोंडाजीला कुशीवर वळवणं तिला काही जमलं नाही.